कर्णिक बाईंची हनुवटी

कर्णिक बाई गिटार वाजवायला बसल्या की आधी चष्मा काढायच्या, मग पदराने गिटारचा वरचा कोपरा पुसायच्या आणि त्यावर हनुवटी टेकवायच्या. कडेवरच्या लेकराच्या डोक्यावर टेकवावी, तशी. गिटार इलेक्ट्रिक, पण तिला ना वायर, ना स्पीकर. दारात उभं राहिलं तर तारांची नुसती किरकिर ऐकू यायची. बाईंच्या चेहऱ्यावर मात्र असं काही पसरलेलं असायचं की मी नकळत चपला काढायचो.

बाई आमच्या वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. भिवंडीतल्याच एका शाळेत त्यांनी जन्मभर गणित शिकवलं. आमच्या इमारतीला चिकटून अन्सारी चाचांचा लूमचा, म्हणजे कापडाच्या यंत्रमागांचा, कारखाना. त्या खटखटीत आमच्या गल्लीत लाडाचं बोलणंसुद्धा ओरडूनच होतं; नवीन पाहुण्याला वाटतं, यांच्याकडे भांडण जुंपलंय. शुक्रवारी लूम बंद. त्या दिवशी सगळे हळू बोलतात, आणि नेमक्या त्याच दिवशी बाई कुणाला उत्तर देत नसत. हाक मारली तरी सरळ जिना चढून जायच्या. गल्लीने ठरवून टाकलं, बाईंचं शुक्रवारी मौनव्रत असतं. चाचा तर येणाऱ्याजाणाऱ्याला दटावायचे, "आज बाई का मौन है, कल बात करना." आणि माझी आई मला सुनावायची, "बघ, निग्रह म्हणतात तो हा."

निवृत्त झाल्यावर एकदा बाई म्हणाल्या, "संजय, माझ्याबरोबर ठाण्याला चल. गिटार घ्यायची आहे, विजेवरची." मी जवळच्या वडपे गावातल्या गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचं बघणारा माणूस, मला गिटारमधलं ओ की ठो कळत नाही. पण बाईंना नाही म्हणायची गल्लीत कुणाची टाप होती? दुकान काचेचं, गारेगार, शांत. विक्रेता अदबीने हळू बोलत होता. बाई त्याचं तोंड बघत राहिल्या आणि मग माझ्याकडे वळल्या, "काय म्हणतोय हा?" त्याने पुन्हा सांगितलं. बाई पुन्हा माझ्याकडे. वार तर बुधवार होता.

"बाई, तुम्हाला ऐकू येत नाही?" मी गल्लीतल्या आवाजात विचारलं. सगळं दुकान वळून बघायला लागलं.

"कमी येतं. आणखी कमी होणार आहे," बाई म्हणाल्या. "कानातलं हाड जखडत चाललंय, आणि ऑपरेशन माझ्या हृदयाला झेपायचं नाही. तुम्ही ओरडता म्हणून माझं भागतं. शुक्रवारचं मौन तुम्हीच चिकटवलंत मला. म्हटलं असू दे, बरं दिसतंय."

मला हसावं की रडावं कळेना. इतकी वर्षं आम्ही भक्तिभावाने त्यांच्याशी बोलायचं टाळत होतो!

त्यांना खरा घोर लागला होता तो भूपाचा. वडिलांनी लहानपणी मेंडोलिनवर शिकवलेला हा राग त्या रोज वाजवायच्या, आणि तो आता त्यांना ऐकू येईनासा झाला होता. "माणसांचं बोलणं नाही ऐकू आलं तरी चालेल रे," त्या म्हणाल्या, "पण भूप गेला तर मी करू काय?" डॉक्टरांनी तपासताना एक थरथरता लोखंडी चिमटा कानामागच्या हाडावर टेकवला, तेव्हा त्याचा सूर त्यांना खणखणीत ऐकू आला होता. बाई तिथेच समजल्या. हाडाशी धरता येईल असं भरीव लाकडाचं वाद्य हवं; मेंडोलिन पोकळ, विजेवरची गिटार भरीव.

मग त्यांनी एकेका गिटारला हनुवटी लावून बघायला सुरुवात केली. विक्रेत्याला पॉलिशची धास्ती. सगळ्यात महागडीला त्या म्हणाल्या, "रूप आहे, पण घुमी आहे." शेवटी मधल्या किमतीची, मोरपंखी रंगाची एक घेतली. तार छेडली आणि बाईंचे डोळे भरून आले. विक्रेता स्पीकर दाखवायला लागला, तर म्हणाल्या, "तो तुमच्या कानांसाठी. मला नको."

घरी आल्यावर तिची उणीदुणीही काढायच्या. "गळा जाड आहे हिचा, माझी बोटं पुरत नाहीत. चाव्या रोज पिळाव्या लागतात. खांदा तर मोडतोच." आणि लगेच मास्तरकीच्या सुरात, "पण उत्तर बरोबर आलंय ना? मग अक्षराचे मार्क कापायचे नाहीत."

पुढे कान पूर्ण गेले. चाचांनी बेंबीच्या देठापासून ओरडून बघितलं, काही उपयोग झाला नाही. एका शुक्रवारी मी जिन्यात थबकलो. लूम बंद होते आणि वरून ती किरकिर येत होती. पण कान दिल्यावर कळलं, सूर एकही चुकत नव्हता. काहीही ऐकू न येणारी बाई अख्खा भूप वाजवत होती, आणि ऐकतही होती.

यंदा बाई गेल्या. त्यांची भाची गिटार माझ्या हातात देऊन म्हणाली, "आत्याने तुमचं नाव सांगून ठेवलं होतं." वरच्या कोपऱ्यावर हनुवटीएवढा रंग उडालेला होता. लूम धडाडत होते. मी तिथे हनुवटी ठेवली आणि एक तार छेडली. कानांत खटखटच होती. पण दातांतून, जबड्यातून डोक्याच्या आत एक सूर उमटला, स्वच्छ आणि लांबलचक, त्याला लूमचा धक्काही लागेना. म्हणजे बाई हे ऐकत होत्या तर. मला भूप येत नाही. मी ती एकच तार पुन्हा पुन्हा छेडत राहिलो.

कुणीतरी खांदा हलवला. चाचा होते. "कब से पुकार रहा हूँ, संजय. आज तेरा मौन है क्या?"

मी हनुवटी उचलली नाही.