कंदील घेऊ नको

मुलगी बंगळूरला नोकरीला निघाली, त्याच्या आदल्या दिवशी तिनं माझ्या मोबाइलमध्ये एक खेळ टाकून दिला. "आई, दर रविवारी दुपारी इथं भेटत जाऊ," म्हणाली. मला वाटलं, लेकरू माझी समजूत काढतंय. पण रविवार आला आणि ती खरंच भेटली.

खेळ असा: आठ जण आपापल्या मोबाइलवर बसतात, एकमेकांचा पट सगळ्यांना दिसतो. प्रत्येकानं दुकानातून छोटे छोटे लढवय्ये घ्यायचे, पटावर मांडायचे, त्यांना तलवार, ढाल, असलं काहीबाही द्यायचं. मग हात बाजूला. लढाई ते आपापली लढतात, आपण नुसतं बघायचं. जिची लेकरं मोठी झाली त्या बाईला हे काही नवीन नाही.

माझं माहेर लासूर स्टेशनचं. भंडाऱ्याच्या पंगतीत वाढायला मी लहानपणापासून पुढे. म्हणून मिळालेल्या तीन वस्तू मी तीन गड्यांना एकेक वाटल्या. स्पीकरवरून ती ओरडलीच, "अगं आई, एकालाच तिन्ही द्यायच्या असतात. बाकीचे मेले तरी चालतंय."

"असला पंक्तिप्रपंच आपल्या घरात कुणी केला नाय," मी म्हटलं. ती पोट धरून हसली. मी सगळ्यांच्या आधी बाद झाले आणि तिचा खेळ संपेपर्यंत बघत बसले. तेव्हापासून आमची तशी रीतच पडली: जी आधी बाद होईल तिनं उठायचं नाही, दुसरीचा खेळ बघायचा.

सगळ्यात जास्त बोलणी खाल्ली ती कंदिलापायी. कंदील ज्याच्या हातात, त्याला स्वतःला काहीच मिळत नाही. शेजारी उभे असतील त्यांच्या जखमा तेवढ्या थोड्या थोड्या भरतात. शेजारचे मेले की तो बिचारा रिकाम्या पटावर कंदील धरून उभा. "ही सगळ्यात फालतू वस्तू आहे, आई. फुकट मिळाली तरी घ्यायची नाय, कळलं का?" मला तो आवडायचा. पण हे सांगून आणखी बोलणी कोण खाणार?

हळूहळू तिला बंगळूरला माणसं मिळाली. चांगलंच झालं. रविवारी ती खेळायला यायची, पण फोन लावायची नाही. पटाच्या कडेला तिचं चित्र दिसायचं, आवाज नाही. इकडे मी आणि कूलरची घरघर. नळाला पाणी येण्याचा दिवस असला तर निदान भांडी भरण्यात वेळ जायचा. तिचे बाबा गेल्यापासून या घरात आवाज होता तो तिचाच. मला करमत नव्हतं, सरळच सांगते.

एका रविवारी सवयीनं कंदील उचलला आणि लगेच फोन वाजला. "परत कंदील? किती येळा सांगायचं तुला?" रागावता रागावता तिनं सांगितलं की तिथल्या भाजीला चव नाही, मधे ताप येऊन गेला, आता बरी आहे. ताप आलेला मला तेव्हा कळला.

तोवर खेळ मला चांगला जमायला लागला होता. कंदील घेऊ नये, दगडी चिलखतानं गडी मंद होतो, फुटका शंख एकदाच वाजतो, सगळं पाठ होतं. तरी दर रविवारी मी कंदील घ्यायची आणि फोनची वाट बघायची. फोन यायचाच.

गेल्या रविवारी घेतला, तर फोन आला नाही. म्हटलं, तिचं लक्ष नसेल. दुसरा घेतला आणि तो गडी पार पुढच्या रांगेत उभा केला, आंधळ्यालाही दिसेल असा. तरी नाही. नवल म्हणजे माझे गडी मरेनातच. एकेक जण बाद होत गेला, मग तीही झाली. ती थांबेल असं वाटलं, पण तिचं चित्र गेलं. मी पहिली आले.

संध्याकाळी तिचा मेसेज आला. "भारी खेळलीस आई! नव्या अपडेटमध्ये कंदिलाची ताकद लई वाढवलीय. आता सगळेच घेतात. आता तुला काही सांगायची गरज नाय." खाली हसरा चेहरा.

तो मेसेज मी बराच वेळ वाचत बसले. मग खेळ उघडून एकेक वस्तू पुन्हा नीट बघितली. दगडी चिलखत अजून तसंच आहे, त्याला कुणी हात लावत नाही. येत्या रविवारी मी तसली तीन घेणार आहे. तिन्ही, एकालाच.