घेतलं आणि सोडलं

रंगाच्या दुकानात डबे ढवळणाऱ्या त्या माणसाला सगळे 'दोन थेंब' म्हणत. गिऱ्हाइकाने भिंतीचा पापुद्रा आणून दिला की तो दारातल्या उजेडात धरायचा आणि पांढऱ्यात पिवळा, काळा, लाल घालत जायचा. गिऱ्हाईक "जमलं की!" म्हणालं तरी याचं आपलं, "अजून दोन थेंब." त्याने जुन्या भिंतीला लावलेलं ठिगळ शोधून सापडत नसे.

बावन्नाव्या वर्षी तो माझ्याकडे इंग्रजी शिकायला आला. दुकानात रंग मिसळायचं यंत्र येणार होतं आणि ते दहावी पास माणसाच्याच हाती द्यायचं, असं मालकांनी ठरवलं होतं. बाकीचे विषय त्याचे कधीच सुटले होते. इंग्रजी तेवढं राहिलं होतं. तेही सुटलं नाही, तर रंगांपासून उठून मागच्या गोदामात डबे रचायला जावं लागणार होतं.

"बाई, व्याकरण घोकतो मी," तो म्हणाला, "पण हे मेटाफर काही पचनी पडत नाही."

उपमा त्याला चालायची. 'सारखं' म्हणणारा माणूस त्याला सरळ वाटे. रूपक मात्र थापाड्या. 'आकाश म्हणजे करडं घोंगडं होतं' हे इंग्रजी वाक्य मी समजावून लिहायला दिलं, तर त्याने लिहिलं: घोंगड्याच्या करड्यात तपकिरी असतो, आकाशाच्या करड्यात निळा. जुळत नाही.

मी हसले, पण तो हसला नाही. तीस वर्षं जो रंग जुळवत आला, त्याला न जुळणारी गोष्ट बरोबर कशी वाटणार?

परीक्षेला महिना उरला असताना एका रविवारी मी त्याच्या घरी गेले. तो पुस्तकात डोकं घालून बसला होता आणि आतून बायको हाका मारत होती. शेवटी ती बाहेर आली.

"दगड आहात नुसते दगड! दूध उतू गेलं तरी ढिम्म!"

त्याने वर पाहिलं, ते माझ्याकडे. "बाई, हे रूपक झालं?"

"झालं."

"अगं, पण कुठल्या रंगाचा दगड?"

"रंग गेला खड्ड्यात! जागचे हलत नाही म्हणून दगड."

"आणि वजन?"

"वजन कसलं? पाप्याचं पितर तुम्ही!"

"म्हणजे तू दगडाचं न हलणं घेतलंस आणि वजन सोडलंस."

"मी काही घेतलं नाही न सोडलं नाही. आधी तो गॅस पुसा!"

त्याने गॅस पुसला. परत येऊन वहीत उभी रेघ मारली, डावीकडे 'घेतलं' लिहिलं, उजवीकडे 'सोडलं'. त्या दिवसापासून एकही रूपक त्या रेघेतून सुटलं नाही. करड्या घोंगड्याचं अंगावर पडून राहणं डावीकडे गेलं, लोकर आणि रंग उजवीकडे. मी बजावलं, "परीक्षेत वाक्यं लिहा. असे तक्ते तपासणारा मान्य करीलच असं नाही." त्याने मान डोलावली.

पेपर देऊन तो तडक माझ्याकडे आला. चेहरा उतरलेला.

"बाई, हात रेघेकडेच गेला. 'म्हातारा कारकून म्हणजे कुलूप लावलेला खण होता' असं होतं. घेतलं: कुणापुढे उघडत नाही. सोडलं: लाकूड, मूठ, आतला वास. पण कुलूप म्हटलं की चावी आली. ती कुठे लिहू? वेळ संपत आली, म्हणून रेघेवरच लिहिली."

रेघेवर! पाच गुणांचा प्रश्न होता.

निकालात अडतीस गुण आले. पस्तिसाला पास. त्या उत्तराला किती मिळाले, ते काही कळलं नाही.

निकाल घेऊन नवरा-बायको दोघं आले. ती म्हणाली, "झालात ना पास? आता तरी हाकेला ओ द्या!" त्याने गुणपत्रिका माझ्या हातात दिली, पण लक्ष दुसरीकडेच.

"बाई, ती चावी. कुठे हवी होती?"

"पेपर झाल्यापासून मीही तोच विचार करतेय," मी म्हटलं. "मला अजून ठरवता आलेलं नाही."

"तुम्हालाही?" आता कुठे त्याचा चेहरा खुलला. गुणपत्रिका माझ्याच टेबलावर विसरून तो यंत्र बघायला दुकानाकडे निघाला, आणि ती घ्यायला बायकोला जिन्यावरून मागे यावं लागलं.