मेहुण्यांचा थर्मास

पाण्याला इतका भिणारा माणूस आमच्या समुद्राकाठच्या जिल्ह्यात माझ्या थोरल्या मेहुण्यांखेरीज दुसरा झाला नसेल. ते मुंबईचे डॉक्टर. किती मुलांना कावीळ होऊन गेली आहे, हे रक्त तपासून पाहायला ऐंशीच्या दशकात ते रत्नागिरीत आले, आमच्याकडे उतरले आणि माझी मास्तरकीची सगळी मे महिन्याची सुट्टी खाऊन बसले. त्यांचं पाणी दोनदा उकळायचं, गाळायचं, मग थर्मासात भरायचं. बायको चुलीशी आणि मी विहिरीशी, दोघंही मेटाकुटीला आलो. गणपतीपुळ्याला गुरुजींनी तीर्थ दिलं, तर त्यांनी भक्तिभावाने डोळ्यांना लावलं आणि उरलेलं माझ्या तळहातावर ओतलं. "तुम्हाला चालेल, तुम्ही इथलेच," म्हणाले.

स्वतःचं रक्त त्यांनी आधीच तपासलं होतं. त्यांना कावीळ कधी झालीच नव्हती. "लहानपणी ती बहुधा गुपचूप येऊन जाते, आईलाही पत्ता लागत नाही. ही कावीळ एकदा झाली की पुन्हा होत नाही. पण आमच्या वयात पहिल्यांदा झाली तर माणसाला लोळवते," हे ते मला प्रत्येक चढणीवर ऐकवत. थर्मास अर्थातच माझ्या खांद्यावर असे.

नाटे गावाच्या बाजूला एका वाडीत आम्ही घरोघर जात होतो. आल्या पाहुण्याला गूळ-पाणी ठरलेलं. मेहुणे गूळ खात आणि पाणी हळूच तुळशीला घालत. ऐन मे महिन्यात वाडीतल्या तुळशी तरारल्या. शेवटी त्यातल्याच एका घरच्या जनीवहिनींनी त्यांना पकडलं. लेकीला पाठीशी घालून त्या म्हणाल्या, "पोराचा रगात चालता, नि घरचा पानी चालना नाय?"

झालं! बाकीच्या आयांनीही आपापली पोरं आत ओढली. मेहुण्यांनी एकदा थर्मासाकडे पाहिलं, एकदा त्या पोरांकडे. ह्या वाडीवाचून त्यांचं काम अपुरं राहणार होतं. "अहो दादा, नको," मी म्हणेपर्यंत त्यांनी तांब्या तोंडाला लावला. मग मान राखायचा तर सगळ्यांचाच, म्हणून प्रत्येक घरी प्यायले.

महिनाभराने, मुंबईला परतायच्या बेतात असतानाच, त्यांचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. आमच्या पडवीत ते पडून होते तेव्हाच मुंबईहून निकाल कळला. जवळजवळ सगळ्या मुलांना कावीळ होऊन गेली होती. "कोरा मी एकटाच होतो," ते म्हणाले. हसायचंही त्राण नव्हतं.

बातमी ऐकून जनीवहिनी शहाळी घेऊन एसटीने आल्या. दारातच थबकल्या. "डाक्टर, माझ्या पान्यान झाला काय ओ?"

"छे हो, वहिनी," मेहुणे कसेबसे उठून बसत म्हणाले. "स्टँडवर उसाचा रस प्यायलो. माझाच हावरटपणा."

रस्त्यावरच्या रसाचा थेंब त्यांनी जन्मात चाखला नव्हता. पण त्या माउलीचा चेहरा निवळला आणि मी शहाळं फोडायला घेतलं. मला त्यांचा त्या वेळी फार अभिमान वाटला.

बरे होऊन मुंबईला निघाले तेव्हा मी सवयीने थर्मास पुढे केला. त्यांनी माठातलं पाणी घेतलं, उभ्या उभ्या घटाघटा प्यायले. "राहू दे तो. आता मीही इथलाच."

थर्मास फळीवर ठेवून मी त्यांना स्टँडवर पोचवायला गेलो. सुटलो म्हणायचं, तर वाटेत खांदा उगीचच रिकामा वाटत होता.