सावंतांचा भाऊ

वसुलीवाल्यांचा फोन आला की पास्कल अंकल आधी शर्ट घालत. एरवी दिवसभर बनियन आणि हाफ पँट. फोन वाजून वाजून बंद पडायचा, पुन्हा वाजायचा, आणि हे सावकाश वरचं बटण लावत असायचे. मग ओटीवरच्या खुर्चीत ताठ बसून स्पीकर सुरू करायचे. पलीकडून विचारणा व्हायची, "पास्कल सावंत बोलताय का?"

"हां, बोला," अंकल म्हणत.

ते सावंत नव्हतेच. मरोळच्या गावठाणातले जुने ख्रिश्चन, कंपनीतून फिटर म्हणून निवृत्त झालेले. बायको वारलेली, मूलबाळ नाही. आमची इमारत त्यांच्या घराला खेटून. मी बँकेत असल्यामुळे गावठाणातले निम्मे कागद वाचायला माझ्याकडे येतात, तसा हा हॉस्पिटलचा कागदही आला. सावंत म्हणजे त्यांच्या मागच्या खोलीतले भाडेकरू, साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये लेथवर काम करणारे, एकटे. दर रविवारी अंकल चर्चमधून येईपर्यंत दोघांचे मासे साफ करून ठेवणारे. एका संध्याकाळी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. अंकलनी रिक्षात घालून जवळच्या खाजगी हॉस्पिटलात नेलं. तिथे फॉर्मवर नातं विचारलं होतं. यांनी 'भाऊ' लिहून खाली 'पास्कल' अशी सही ठोकली. आडनाव हॉस्पिटलने स्वतःच लावून टाकलं. अकरा दिवसांनी सावंत गेले आणि एक लाख चाळीस हजारांचं बिल मागे राहिलं.

मी कागद दोनदा वाचला. पैशांची हमी अंकलनी कुठेच दिली नव्हती. "एवढंच सांगा," मी म्हटलं, "मी भाऊ नाही, घरमालक आहे. विषय संपला."

"तसं कसं बोलणार, बाय?"

"अहो, खरं आहे ते."

"खरं हाय. पण स्मशानात भटजीनं विचारलं, अग्नी कोण देणार? कोण नव्हतं. मीच दिला. फादरला अजून सांगितलं नाय. आता फोनवर नाय म्हणू?"

बरं, भाऊ म्हणवता तर पैसे भरून मोकळे व्हा, तर तेही नाही. वसुलीवाल्याला म्हणायचे, "भाऊ हाय मी. पैसे नाय. बिल वाच." तो बिचारा वाचायला लागायचा, आणि हातमोज्यांचे चाळीस जोड आले की हे त्याला थांबवून चष्मा शोधायला उठायचे. एकदा तो स्वतःच दारात येऊन दरडावून बोलायला लागला. "आवाज खाली," अंकल म्हणाले, "घरात मयत झालंय." सावंतांना जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. तरी तो माणूस खाली बसला, आणि तासाभराने दोघांनी मिळून निम्म्या रकमेवर तडजोड केली, महिना तीन हजारांचा हप्ता. मला विचारलंसुद्धा नाही. मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही.

पुढे चार-पाच हप्ते गेल्यावर सावंतांचा खरा भाऊ गावाहून आला. कणकवलीकडचा, वयस्कर, पायात नवी चप्पल. मी तेव्हा तिथेच होते. सावंतांची ट्रंक घेऊन निघताना दारात थांबून तो म्हणाला, "तेचा काय देणां रवलां आसात तर सांगा."

मी अंकलकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

"काय नाय," ते म्हणाले. "सगळं झालं."

तो गेल्यावर मी भडकले. "वेड लागलंय का तुम्हाला? तो आपणहून विचारत होता."

"वीस वर्सं आला नाय." मग दार लोटत म्हणाले, "त्याला बघून मला बरं वाटायला पायजे होतं ना, बाय? सुटलो असतो. उलटा राग आला. कशाला आला, मलाच कळत नाय."

मलाही कळत नव्हतं. माणूस चांगला आहे, हट्टी आहे की नुसता एकटा आहे, हे मी त्यांच्याबद्दल कधीच ठरवू शकले नाही.

दोन हप्ते राहिले असताना अंकल गेले, दुपारच्या झोपेतच. त्यांची भाची वसईहून आली, तिला यातलं काही माहीत नव्हतं. मीच वसुलीच्या ऑफिसात फोन करून कळवलं. तो दारात येऊन बसलेला माणूसच फोनवर होता. म्हणाला, "काळजी करू नका मॅडम, आता कुणाला त्रास देणार नाही. भावाने पूर्ण रक्कम भरली नाही, असा शेरा मारून फाइल बंद करतो."

मला तर हेच हवं होतं. पहिल्या दिवसापासून मी हेच सांगत होते, की कायद्याने कुणी काही देणं लागत नाही.

"थांबा," मी म्हटलं, "शेरा मारू नका." आणि दोन्ही हप्ते त्याच संध्याकाळी भरून टाकले.