मला गाडी लागते

ही गोष्ट मी परवापर्यंत कुणाला म्हणजे कुणाला सांगितली नव्हती. बहिणीला नाही, शाळेतल्या मैत्रिणींना नाही, देवापुढं हात जोडतानाही नाही – तिथं तर मी ती अलगद गाळून पुढं जायचे. आज तुम्हाला सांगते आहे ते मन मोठं झालं म्हणून नव्हे. गेले आठ दिवस अंगात काहीतरी संचारलं होतं. नखांत पिवळा रंग अडकलाय, तळहात पॉलिश पेपरनं सोलून निघालेत, आणि खोटं कशाला बोलू – ते संचारणं अजून पुरतं उतरलेलं नाही.

आमच्या अंगणात कडुनिंबाखाली एक जुनी मेटाडोर उभी असते. वडगाव निंबाळकरात आमचं घर विचारलंत तर लोक सांगतील, "ती खाटंची गाडी हाय ना, तितं." खाटेची, कारण आत खाट आहे. शिवाय शेगडी, भांड्यांची फळी, पाण्याची टाकी आणि मी शिवलेले पडदे. आमच्याकडं नवऱ्याला मालक म्हणतात, आणि मी गावातल्या शाळेत शिकवायचे, सगळं गाव मला बाई म्हणतं म्हणून आमचे मालकही मला बाईच म्हणतात. ते बारामतीत गॅरेजात बॉडीचं काम करायचे. दुधाचे कॅन वाहून थकलेली ही गाडी त्यांनी भंगारातून उचलली आणि दोन वर्षं, सुट्टीच्या दिवशी ठोकून ठोकून, तिचं फिरतं घर केलं. चौदा वर्षं झाली त्याला. चौदा वर्षांत ते घर फिरलं किती? एकदा. तेही अर्ध्या रस्त्यापर्यंत.

यंदा मालकांनी ती विकायची ठरवली. पुण्याच्या एका जोडप्याला तिच्यात कॉफीचं दुकान टाकायचं होतं. रंग काळा हवा म्हणाले. मालक म्हणाले, रंग मीच देतो, दुसऱ्याच्या हाताची तिला सवय न्हाय. आणि तयारीला लागले.

मी आपली चहा द्यायला गेले होते. पॉलिश पेपर हातात घेऊन सहज चार हात मारले, आणि गेले की हो कामातून! इतकी मजा असते त्यात? आधी बंपर, दिवे, आरसे उतरवायचे. मग साबणानं धुवायची, गंजावर तारेचा ब्रश चालवायचा, मग घासायचं – आधी खरखरीत पेपरनं, मग बारीक, शेवटी पाणी लावून. दुसऱ्या दिवशी पिवळ्याखाली निळा निघाला. तिसऱ्या दिवशी निळ्याखाली हिरवा! साठी उलटलेली, निवृत्त झालेली बाई मी – अंगणात ओरडले, "अहो, हिरवा निघाला!" शेजारच्या काकू हातातलं पीठ तसंच ठेवून बघायला आल्या. त्यांना वाटलं साप निघाला.

काचांना वर्तमानपत्र चिकटवायचं काम माझ्याकडं होतं. एका खिडकीला अर्धा तास लागायचा, कारण बातमी वाचल्याशिवाय माझ्याच्यानं कागद लावला जाईना. "बाई, रंग द्यायचाय गाडीला. परीक्षा न्हाय घ्यायची तिची," मालक म्हणायचे. सकाळी मी त्यांच्याआधी उठून अंगणात जायला लागले. गुडघे दुखायचे विसरले. आणि मग एका सकाळी, पेपर भिजवता भिजवता, मनात आलं – रविवारी ही गाडी जाणार. काळी होऊन जाणार. ती जाऊ नये असं मला वाटत होतं. मला! जिनं तिला चौदा वर्षं जागचं हलू दिलं नाही, तिला!

आता सांगतेच. मला गाडी लागते, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. एसटीत मला खिडकी मिळते. कुठं लग्नाला निघाले की जाऊबाई लिंबू पाठवतात. शाळेच्या सहलीआधी मालक न चुकता गोळ्या आणून माझ्या पर्समध्ये ठेवायचे, आणि त्या मी एसटी सुटली की उसात भिरकावून द्यायचे. मला गाडी लागत नाही. कधीच लागली नाही. घाटात उलटं बसून मी वह्या तपासू शकते.

मग का? माझं माहेर सुप्याच्या बाजूचं, मेंढरांमागं फिरणारं. दिवाळी झाली की सगळा संसार घोडीच्या पाठीवर – भांडी, घोंगड्या, पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि त्या सगळ्यावर मी. रोज नव्या माळावर तळ, रोज तीन दगडांची नवी चूल. पुढं मामांनी ठेवून घेतलं, शिकवलं. मी बाई झाले. आणि बाई झाल्यावर ती घोडीवरची पोर मी पुसून टाकली. शाळेत कुणाला कळू दिलं नाही, आईला शाळेकडं कधी फिरकू दिलं नाही. फक्त लग्न नवं असताना एकदा, एकदाच, मालकांना म्हणाले होते – उघड्यावर झोपायला मला फार आवडायचं, रोज सकाळी डोळे उघडले की वेगळा डोंगर दिसायचा. मी बोलून विसरले. ते विसरले नाहीत. ती गाडी त्यांनी माझ्यासाठी केली होती.

पहिल्याच फेरीला आम्ही भिगवणला निघालो, उजनीच्या पाण्यावर उतरणारे रोहित पक्षी बघायला. बारामती मागं पडली तेव्हा मी गात होते – हे मुद्दाम सांगते. एका चिंचेखाली चहाला थांबलो, तर शेगडी पेटेना. मालकांना उलट आनंदच झाला. तीन दगड मांडले, काटक्या आणल्या. "तुजी जुनी चूल, बाई! पेटीव!" मी फुंकर घालायला वाकले आणि तेवढ्यात आमच्या शाळेतले एक गुरुजी मोटारसायकलवरून आले, थांबले, हसले. "काय बाई, तळ पडला व्हय?" एवढंच म्हणाले आणि गेले. त्यांना काही म्हणजे काही माहीत नव्हतं. कुणालाही म्हणाले असते.

पण मला वाटलं, सोमवारी सगळ्या शाळेला कळणार. आता परत फिरू म्हणायचं तर कारण काय सांगायचं? की मला माझ्या आईबापाची लाज वाटते? हे त्यांना सांगायचं, ज्यांनी त्याच आठवणीवरून माझ्यासाठी घर बांधलं? मी गाडीच्या मागं गेले आणि घशात बोटं घातली.

मालक धावत आले. माझं कपाळ धरलं, तोंड धुतलं, पदर स्वतः पिळून दिला. "माजंच चुकलं. सीट मागं बसवाया नको हुती," असं पुन्हापुन्हा म्हणत राहिले. येताना गाडी इतकी हळू चालवली की सायकली आमच्या पुढं जात होत्या. प्रत्येक खड्ड्याला ते माझ्याकडं बघत होते. आणि मी काय केलं? कण्हले. दोनदा तर मुद्दाम जास्त कण्हले.

पुढं त्यांनी सीट पुढं घेतली. माझ्यासाठी खिडकी मोठी कापली. पाटे बदलले, हादरे कमी बसावेत म्हणून. दर हिवाळ्यात इंजिन सुरू करून बघायचे आणि विचारायचे, "यंदा बघायचं का, बाई?" मी नुसता पोटावर हात ठेवायचे. तोंडानं खोटं बोलायचीही गरज उरली नव्हती. एकटे जा म्हटलं तर म्हणायचे, तू न्हाईस तर कुणासाठी जाऊ?

परवा दुपारी ते मला घासलेली कड तपासायला शिकवत होते. डोळ्यांवर विसंबायचं नाही, डोळे मिटून तळवा फिरवायचा, म्हणजे कुठं उंचवटा राहिलाय ते कळतं. मी डोळे मिटले. तळवा पत्र्यावर होता. आणि तसंच, न बघता, सगळं सांगून टाकलं.

मग त्यांनी विचारलं, "भिगवणच्या वाटंला झालं, ते बी?"

"ते पण."

"कपाळ धरलं हुतं मी तुजं," ते म्हणाले, आणि आत जाऊन हात धुतले.

संध्याकाळी त्यांनी पुण्याला फोन केला. गाडी द्यायची न्हाय, राग मानू नका. बस्स. मला लाज वाटायला हवी होती ना? मला आनंद झाला! एवढं सांगूनही मला आनंदच झाला. रात्री मी रंगसुद्धा ठरवला – मोरपंखी, खाली पांढरा पट्टा. त्यांनी मान हलवली. मी ती हो म्हणून धरली.

आज पहाटे अंगणात खुडबूड ऐकू आली. मालक दिवे आणि आरसे परत बसवत होते, काचांवरचे कागद सोलत होते. कुठं निघालो, हे विचारायची गरजच काय? मी भराभर भाकरी थापल्या, चटणी वाटली, दोन साड्या पिशवीत कोंबल्या, शालही घेतली. लहान मुलीसारखी पायरीवर येऊन उभी राहिले. गाडी सुरू झाली होती – निळी, हिरवी, पिवळी, सगळीकडं ठिगळं पडलेली, आणि मला ती इतकी सुंदर दिसत होती.

मालकांनी माझ्याकडं बघितलं. पिशवीकडंही बघितलं.

"भिगवणला जाऊन येतो," ते म्हणाले. "सांजच्याला यीन."

भाकरीचं फडकं मी खिडकीतून दिलं, ते त्यांनी घेतलं. पिशवी पायरीवर ठेवली. मग मी पुढं झाले आणि गाडी बाहेर पडेपर्यंत फाटक उघडून धरलं.