भिंतीबाहेर गेला की आऊट

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली तरी पंचाक्षरी अप्पांनी एकदाही चहा केला नव्हता. हा आळस नव्हे, पराक्रम होता. दर रविवारी दुपारी नवरा-बायको जुन्या डबा टीव्हीला व्हिडिओ गेम जोडून बेसबॉल खेळत. हरेल त्यानं चहा करायचा. धनलक्ष्मीकाकू हरत.

अप्पा मिक्सर-पंखे दुरुस्त करतात. गेमची ती कॅसेट त्यांना लग्नाच्या वर्षी कुठल्याशा भंगारात सापडली. सोबत माहितीचं पुस्तक नव्हतं आणि बेसबॉल कशाशी खातात हे गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून अप्पांनी गल्लीतल्या क्रिकेटचे नियम लावले. पहिला नियम, चेंडू भिंतीबाहेर गेला की आऊट. कारण भिंतीपलीकडं शांतम्मा राहायची आणि ती गेलेला चेंडू परत देत नसे.

भाकरी थापून काकूंचा हात तयार झालेला. त्या बटण दाबत आणि चेंडू थेट भिंतीपार. अप्पा शांतपणे पाटीवर 'आऊट' लिहीत. पडद्यावरचे आकडे वेगळंच सांगत, पण ती परदेशी मोजणी, आपल्याला काय कळणार? फटका मारणारा गडी मैदानाला सावकाश चक्कर मारी, तेव्हा अप्पा म्हणत, बघ, कसा पाय ओढत घरी चाललाय. लोक टाळ्या वाजवत, ते त्याला चिडवायला.

गेल्या महिन्यात माळशिरसची सून आली, ऋतुजा. ती शाळेत जिल्ह्यापर्यंत सॉफ्टबॉल खेळलेली. बघायला गेल्यावर अप्पांनी स्वयंपाकाचं तेवढं विचारलं होतं.

पहिल्याच रविवारी काकूंनी चेंडू भिंतीपार टोलवला. अप्पांनी खडू उचलला.

"आऊट कसं, अप्पा? ह्या खेळात ह्याच्यापेक्षा मोठा फटकाच नसतोय की."

अप्पांनी तिला शांतम्माची सगळी हकीकत सांगितली. सुनेनं पदर सावरून, अदबीनं ऐकून घेतली.

"पण शांतम्मा टीव्हीत राहतात व्हय?"

काकूंनी रिमोट मांडीवर ठेवला.

"म्हंजे इतकी वर्षं मी जिंकत होते?"

अप्पा म्हणाले, झालं ते झालं, आजपासून नव्या नियमानं खेळू. त्यांना वाटलं, नियम बदलला तरी गडी तोच हाय. पण अठ्ठावीस वर्षं चेंडू हळूच सरपटत ढकलायची सवय झालेला अंगठा ऐन वेळी जोर कुठून आणणार? काकूंनी नऊ चेंडू भिंतीपार घालवले. अप्पांचा एकही भिंतीपर्यंत पोचला नाही.

ते मुकाट्यानं आत गेले. गॅस पेटला. पाणी उकळून निम्मं झालं, तेव्हा आतून आवाज आला, साखर कुठाय?

बाहेर आता सासू-सुनेचा डाव रंगला होता.

"थांबा वो," काकू पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "एवढा एक भिंतीबाहेर जाऊ दे, मग सांगते."