आवश्यक तेवढेच बळ

असोद्याचे लोटनभाऊ भरीत करतात, एवढंच सांगितलं तर आमच्याकडे कुणी मान वर करून बघणार नाही. भरीत इथे घरोघरी होतं. पण दीडशे माणसांचं भरीत कुटायचं आणि वांग्याचे रेषे शाबूत ठेवायचे, हे पंचक्रोशीत फक्त भाऊंच्या उजव्या हाताला जमतं. कापसाच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजायची, सोलायची आणि लाकडी काठवटीत मुसळाने कुटायची. मुसळ नुसतं सोडायचं, मारायचं नाही. तीस वर्षं मी शेजारी बसून वांगी सोलतोय आणि तीस वर्षं त्यांचं एकच वाक्य ऐकतोय, "लागतो तेवढाच जोर, जास्ती नही."

जळगावातल्या एका पोलीस ठाण्याच्या साहेबांची धुळ्याला बदली झाली. निरोपाची भरीत पार्टी रविवारी ठरली आणि आचारी अर्थात लोटनभाऊ. गुरुवारी ठाण्यातूनच फोन आला, जागा बघून जा. आम्ही मोटारसायकलवर निघालो. जाता जाता एक नवी काठवट पारखून घ्यायची होती, म्हणून पाच फुटी मुसळ सोबत घेतलं. भाऊ पुढे, मी मागे, मुसळ माझ्या हातात उभं. हेल्मेट कुणालाच नाही. ते चुकलंच आमचं, आणि दंड भरायला भाऊ तयारही होते.

चौकात अडवलं. हवालदाराने विचारलं, "हे काय आहे? कुठे चाललात?"

भाऊंना खरं बोलायची खोड. "मुसय हाये, दादा. तुमच्या सायेबांकडंच चाललो."

झालं! चार जण भाऊंवर तुटून पडले. एकाने मान दाबली, एकाने उजवा हात पाठीमागे पिरगाळून वर रेटला. खांद्यात काहीतरी वाजलं, ते मलाही ऐकू आलं. भाऊ "भरीत! भरीत!" म्हणून ओरडत होते, पण ऐकायला कुणाला सवड नव्हती. बरं, मुसळ कुठे होतं? माझ्या हातात. मी ते धरून खांबासारखा उभा, आणि एक शिपाई मला म्हणतो, "काका, जरा बाजूला व्हा, तुम्हाला लागेल." मी खरंच बाजूला झालो. त्याची लाज मला अजून वाटते.

ठाण्यात पोचल्यावर चूक सगळ्यांच्या लक्षात आली. पण कागद सुरू झाला होता, आणि सुरू झालेला कागद थांबवायची पद्धत नाही. त्यात लिहिलं, 'आरोपी पाय घसरून पडला. आवश्यक तेवढेच बळ वापरले.' भाऊंचा जबाबही तयारच होता, मी पाय घसरून पडलो म्हणून. सहीला उजवा हात उठेना, तेव्हा ज्याने तो पिरगाळला होता त्याच तेजस नावाच्या शिपायाने तो अलगद धरला आणि सही करवून घेतली. मुसळ 'प्राणघातक लाकडी हत्यार, नग एक' म्हणून मुद्देमालात जमा झालं. या गडबडीत हेल्मेटचा दंड करायचा मात्र राहून गेला.

डॉक्टर म्हणाले, खांदा निखळलाय, आतला स्नायूही फाटलाय. हात पुन्हा पूर्वीसारखा वर जाईल याची खात्री नाही. भाऊंची बायको कुंदाबाई सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "हात गेला तं यांचं उरलं काय?"

एवढं होऊनही पार्टी रद्द झाली नाही! दीडशे जणांना आमंत्रणं गेली होती ना. दोन पंचांसमोर मुसळ मुद्देमालातून काढलं, 'वापरानंतर स्वच्छ धुऊन परत करणे' या अटीवर. आणि कुटायला हात हवा म्हणून ठाण्यातून तेजसला पाठवलं.

तेजस शिरपूरकडचा, अहिराणी बोलणारा. मुसळ घेऊन भाऊंपुढे उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, मना काय दोष शे? वरथून ऑर्डर व्हती."

भाऊ गळ्यात हात बांधून बसले होते. "वांगं हाये हे," एवढंच म्हणाले. "लागतो तेवढाच जोर."

पण त्याला मोजून जोर लावायला कुणी शिकवलंच नव्हतं. घाव असे पडत होते की काठवट जागची हलत होती. भाऊंनी तीनदा सांगून पाहिलं. पाहता पाहता वांग्यांचा नुसता लगदा झाला. मला रडू यायचं बाकी होतं.

पंगत बसली. साहेबांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुरीबरोबर पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "लोटनभाऊ, हे काय? इतकं कुणी कुटलं?"

तेजसचा चेहरा उतरला. भाऊ सावकाश उठले.

"कुटलं कोणीच नही, सायेब," ते म्हणाले. "वांगंच पाय घसरून पडलं."

दीडशे पोलीस ताटात बघत बसले. साहेबांनी पुरी खाली ठेवली.

जबाबाचा कागद अजून तसाच आहे, आणि भाऊंचा हात खांद्याच्या वर जात नाही. मुसळ मी धुऊन, भाऊंना सोबत घेऊन, ठाण्यात परत जमा केलं. पावतीवर भाऊंची सही लागणार होती, तेव्हा तेजस सवयीने त्यांचा हात धरायला पुढे झाला. भाऊंनी त्याला थांबवलं आणि डाव्या हाताने, वाकडीतिकडी, स्वतःची सही स्वतः केली.